खंबीर बाई एकटीनं घडत नाही

(सामुदायिक रेडिओवर बचतगटांसाठी झालेलं भाषण)

मी तुमच्या बचतगटांची सहयोगिनी बोलतेय. हप्ते, कर्जफेड, वह्या तपासणं हे आपलं नेहमीचंच. आज मात्र कुठल्याच वहीत न मावणाऱ्या एका गोष्टीबद्दल बोलायचं आहे.

गावात एखाद्या बाईवर मोठं संकट येतं. नवरा जातो, पीक बुडतं, घर जळतं, पोर आजारी पडतं. त्यातून ती उभी राहिली की आपण म्हणतो, ‘बाई लई खंबीर!’ दुसरी एखादी तशाच संकटात खचली, तर म्हणतो, ‘मनानं कच्ची आहे.’ जसं काही खंबीरपणा हा नाकाडोळ्यांसारखा जन्मतःच मिळतो. एकीला मिळाला, दुसरीला नाही, आपण काय करणार!

मानसशास्त्र, म्हणजे मनाचा अभ्यास करणारं शास्त्र, हा मला बी.ए.ला एक विषय होता. तेव्हा तो परीक्षेपुरताच वाचला. गटांचं काम करायला लागल्यावर मात्र हा प्रश्न रोज समोर यायला लागला, तसं मी पुन्हा वाचायला घेतलं. एकाच संकटात एक माणूस मोडतं आणि दुसरं सावरतं, असं का होतं, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी पन्नास-साठ वर्षं लावून धरला आहे. त्यांच्या हाती जे लागलं, ते आपल्या गटांच्या फार उपयोगाचं आहे. म्हणून आज ते सांगते.

शब्द काय आणि त्याचा अर्थ काय

इंग्रजीत या गुणाला ‘रेझिलियन्स’ म्हणतात. मराठी पुस्तकांत त्याला ‘लवचीकता’ असा शब्द सापडतो. आपल्या बोलण्यात त्याहून जवळचे शब्द आहेत: चिवटपणा, तग धरणं, उभारी. मी आज ‘उभारी’ म्हणणार आहे, कारण उभारी धरायची म्हणजे आधी पडणं आलंच.

रेझिलियन्स हा मूळ लॅटिन भाषेतला शब्द. त्याचा अर्थ उसळून माघारी येणं. वेणीला लावायचं रबर ताणून सोडलं की कसं पहिल्यासारखं होतं, तसं. लोखंड, लाकूड असल्या वस्तूंबद्दल बोलताना हा शब्द आधीपासून वापरात होता. माणसाच्या मनाबद्दल तो नंतर वापरला जाऊ लागला. पण माणूस म्हणजे रबर नव्हे. जिचं तरणंताठं पोर गेलं, ती बाई पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, आणि तशी ती व्हावी अशी अपेक्षाही कुणी करू नये. उभारी म्हणजे दुःख पुसलं जाणं, असं या विषयाचा अभ्यास करणारे म्हणत नाहीत. दुःख असतंच. ते असताना माणूस हळूहळू खायला-प्यायला, बोलायला, कामाला, चार माणसांत मिसळायला लागतो, त्याला ते उभारी म्हणतात.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या सगळ्यात मोठ्या संघटनेनं केलेल्या व्याख्येचा अर्थ साध्या शब्दांत असा: संकट, आघात, धोका किंवा मोठा ताण यांच्यासमोर माणूस नीट जुळवून घेत जातो, त्या प्रक्रियेला रेझिलियन्स म्हणायचं. यातला ‘प्रक्रिया’ हा शब्द नीट लक्षात ठेवा. प्रक्रिया म्हणजे घडत जाणारी गोष्ट, दही लागण्यासारखी. दूध चांगलं हवं हे खरं, पण नुसत्या दुधाचं दही होत नाही. विरजण लागतं, ऊब लागते, वेळ लागतो. थंडीच्या दिवसांत दही लागलं नाही तर आपण दुधाला शिव्या देत नाही, भांडं चुलीजवळ सरकवतो. बाईच्या बाबतीत मात्र आपण दुधालाच नावं ठेवतो.

या व्याख्येत दोन गोष्टी एकत्र लागतात. एक, संकट खरोखरच मोठं असायला हवं. जिचं सगळं सुरळीत चाललंय ती सुखात आहे, पण तिची उभारी किती ते अजून कळलेलं नाही. दुसरं, संकट असूनही तिचं जगणं बऱ्यापैकी चालू असायला हवं. बऱ्यापैकी म्हणते मी. हसतमुखानं, पदर खोचून, डोळ्यांत पाणी न आणता, असं कुठंच लिहिलेलं नाही.

कवाई बेटावरची ६९८ मुलं

आता एका मोठ्या अभ्यासाची गोष्ट सांगते. पॅसिफिक महासागरात हवाई नावाची बेटं आहेत. आज ती अमेरिकेचं एक राज्य आहेत. त्यातलं एक हिरवंगार बेट म्हणजे कवाई. तिथं उसाचे आणि अननसाचे मोठे मळे होते, आणि त्या मळ्यांत राबायला जपान, फिलिपाइन्स, पोर्तुगाल अशा दूरदूरच्या देशांतून माणसं आली होती. उसाच्या कामात जीव किती थकतो, हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको.

या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या सगळ्या ६९८ बाळांची नोंद एका अभ्यासात झाली. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोन बाईमाणसांचं नाव या कामाशी कायमचं जोडलं गेलं. दोघीही मानसशास्त्रज्ञ. वर्नरबाईंचं स्वतःचं बालपण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जर्मनीत गेलेलं. या मुलांकडे अभ्यासकांनी पहिल्या वर्षी पाहिलं, दुसऱ्या वर्षी पाहिलं, मग दहाव्या, अठराव्या, बत्तिसाव्या आणि चाळिसाव्या वर्षी. म्हणजे बाळ पाळण्यात असल्यापासून ते स्वतः आईबाप होईपर्यंत त्यांची वाट सोडली नाही.

यातल्या सुमारे २०० मुलांची सुरुवातच वाईट होती. घरात गरिबी, बाळंतपणात अडचणी, आईबापांची भांडणं, कुणाचा बाप दारूत बुडालेला, कुणाची आई मनाच्या आजारानं गांजलेली, आईचं शिक्षण कमी. यातल्या एकदोन नव्हे, चार किंवा जास्त गोष्टी दोन वर्षांच्या आतच त्यांच्या वाट्याला आल्या होत्या.

त्यांचं पुढं काय झालं? तीनातल्या दोघांना त्याचा फटका बसला. दहाव्या वर्षापर्यंत अभ्यासात किंवा वागण्यात अडचणी आल्या, नाहीतर अठराव्या वर्षापर्यंत पोलिसांची भानगड, मनाचे आजार, कोवळ्या वयातलं गरोदरपण असं काही ना काही झालं. हे मी मुद्दाम आधी सांगते. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण आपण पोराबाळांना नेहमी ऐकवतो. पण घावांनी बहुतेक मुलांना इजाच केली. हाल भोगले की माणूस आपोआप घडतो, असं या अभ्यासात दिसलं नाही.

पण तिसरं मूल? अशी ७२ मुलं निघाली की ती शाळेत, घरात, बाहेर नीट वाढली आणि भरवशाची, मायाळू, कामाला लागलेली माणसं झाली. चाळिसाव्या वर्षी पाहिलं तेव्हा त्यांच्यातलं एकही बेकार नव्हतं, एकाचंही कायद्याशी वाकडं नव्हतं आणि कुणीही सरकारी मदतीवर जगत नव्हतं.

त्या ७२ जणांना काय मिळालं होतं?

अभ्यासकांना तीन ठिकाणी उत्तरं सापडली.

पहिलं ठिकाण म्हणजे मूल स्वतः. यातली बरीच मुलं तान्ही असतानाच हसरी होती, सांभाळायला सोपी होती. मोठी झाल्यावर त्यांना एखादी गोष्ट चांगली यायची, एखादा छंद असायचा. आणि हे छंद मुलींचे वेगळे, मुलांचे वेगळे असे वाटून दिलेले नव्हते. आपल्याला काहीतरी येतं, हे त्या मुलांना ठाऊक होतं.

दुसरं ठिकाण म्हणजे घर. आईबाप अडचणीत असले तरी त्या मुलाला घरातलं निदान एक तरी शहाणं, शांत डोक्याचं माणूस घट्ट मिळालेलं होतं. ते आजी-आजोबांपैकी कुणी, मोठं भावंड, मावशी, काका असं कुणीही असेल. शिवाय घराला लागणारं काही काम त्यांच्यावर सोपवलेलं होतं, धाकट्यांना सांभाळण्यासारखं. आपल्यावाचून घराचं अडतं, ही जाणीव मुलाला ताठ उभं करते. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दिसली. जिची आई नियमित कमावती होती, त्या मुलीसमोर एक जिवंत उदाहरण होतं. तुम्ही गटाच्या कामाला जाता तेव्हा तुमची मुलगी उंबऱ्यातून काय बघत असते, याचा हा पुरावाच म्हणा.

तिसरं ठिकाण म्हणजे घराबाहेरचं गाव. एखादे मास्तर, एखाद्या बाई, शेजारची काकू, देवळातल्या किंवा चर्चमधल्या मंडळींपैकी कुणी वडीलधारं. घरात आसरा नसेल तेव्हा ही मुलं त्यांच्याकडं जायची.

आता या तीन ठिकाणांकडे पुन्हा बघा. मुलाचा स्वभाव सोडला, तर बाकीच्या दोन्ही ठिकाणी माणसं आहेत. तुमच्या-माझ्यासारखी साधी माणसं.

या अभ्यासातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढेच आहे. अठराव्या वर्षी जी मुलं वाया गेली असं वाटत होतं, त्यांचं काय झालं? बत्तिसाव्या आणि चाळिसाव्या वर्षी पाहिलं तर त्यातली बहुतेक सावरलेली होती. कुणी मोठेपणी पुन्हा कॉलेजात गेलं, कुणी सैन्यात भरती झालं, कुणाला समजूतदार जोडीदार मिळाला, कुणाला धर्माचा आधार सापडला, कुणी जिवावरच्या आजारातून उठून नव्यानं जगायला लागलं. म्हणजे दुसरी संधी मिळाली. अठराव्या वर्षी लिहिलेलं नशीब चाळिसाव्या वर्षी बदललेलं होतं.

आपल्याकडं सासरी आल्यावर शाळा सुटलेल्या कितीतरी जणी गटात आहेत. १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरचं काम सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच चाललंय. ‘आता या वयात काय’ असं म्हणण्याआधी कवाईची मुलं आठवा.

साधीच जादू

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात नॉर्मन गार्मेझी नावाचे अभ्यासक होते. ज्यांच्या आईला मनाचा गंभीर आजार आहे अशा मुलांकडे ते पाहत होते. यातली किती बिघडतात हे शोधायला गेले आणि कितीतरी चांगली चाललेली आढळली. त्यांच्या विद्यार्थिनी ॲन मास्टन यांनी हे काम पुढं नेलं. २००१ साली त्यांनी लिहिलेल्या लेखाचं नाव फार छान आहे. मराठीत म्हणायचं तर ‘साधीच जादू’. त्यांचं म्हणणं असं, की उभारी हा लाखात एखाद्याला मिळालेला अचाट गुण नाही. जिवाला जीव देणारं माणूस, विचार करायची संधी, आपल्या हातून काही होतंय ही भावना, शाळा, शेजार, सणवार, श्रद्धा, या रोजच्या गोष्टींतून ती तयार होते. या गोष्टी शाबूत असतील तर बहुतेक माणसं सावरतात. खरा धोका असतो तो संकटानं याच गोष्टी मोडून टाकल्या तर.

इंग्लंडमध्ये मायकेल रटर नावाचे मुलांच्या मनाचे डॉक्टर होते. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. एखादं संकट सुटं आलं तर मूल सहसा तगून जातं. पण संकटावर संकट चढलं की धोका नुसता वाढत नाही, पटीनं वाढतो. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चालणारी बाई एका मोळीनं पडत नाही. मोळी, वर पाण्याची कळशी, कडेवर पोर आणि पायाखाली चिखल, असं झालं की पडते. तिला पडताना पाहून ‘मान कच्ची’ म्हणायचं, की वरची कळशी उतरवून घ्यायची? रटर यांच्या अभ्यासातून मी आपल्यापुरता घेतलेला धडा हाच, की सगळी संकटं दूर करता आली नाहीत तरी एक जरी ओझं उतरवलं तरी पुष्कळ फरक पडतो.

पेलवेल इतकी अडचण मात्र माणसाला तयार करते, हेही रटर यांनी सांगितलं. लस टोचल्यावर थोडा ताप येतो पण अंगात ताकद येते, तसं. म्हणून मुलीला बँकेत एकटीनं स्लिप भरू द्या, बैठकीत उभं राहून बोलू द्या. पेलवेल इतकंच, आणि मागं कुणीतरी उभं असताना.

रडली तरी नावं, नाही रडली तरी नावं

आता जरा नाजूक विषय. आपल्या प्रत्येक गटात एकदोन तरी विधवा मैत्रिणी आहेत. नवरा गेल्यावर एखादी महिनाभरात कामाला लागली, चार शब्द हसून बोलली, की कुजबूज सुरू होते: ‘हिला काही वाटलंच नाही.’ दुसरी वर्षभरानंतरही डोळे पुसत असली की तिला ऐकवतात, ‘किती दिवस तेच धरून बसणार?’

जॉर्ज बोनॅनो नावाचे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वयस्क माणसांचा अभ्यास केला, ज्यांच्याशी जोडीदार जिवंत असतानाच बोलणं झालेलं होतं. जोडीदार गेल्यावर सहा महिन्यांनी आणि अठरा महिन्यांनी त्यांना पुन्हा भेटले. जवळजवळ निम्मी माणसं अशी आढळली की त्यांना दुःख झालं, आठवण आली, पण त्यांचं जगणं फारसं कोलमडलं नाही. आधी समजूत अशी होती की अशी माणसं दुःख दाबून ठेवतात किंवा त्यांचं प्रेमच नव्हतं. तसं काही दिसलं नाही.

दुःखानंतरच्या वाटा बोनॅनो यांनी वेगवेगळ्या करून दाखवल्या. काही जण पहिल्यापासून तग धरतात. काही जण आधी कोलमडतात आणि महिन्यामहिन्यानं सावरतात. काहींचं दुःख वर्षानुवर्षं तसंच राहतं, त्यांना मदतीची गरज असते. आणि काही जण आधी बरे वाटतात, पण त्रास उशिरा वर येतो. यातली कुठलीच वाट पापाची नाही. महिनाभरात शेतात गेलेली वहिनी निष्ठुर नाही, आणि वर्षानंतर रडणारी ताई कच्ची नाही.

आता विचार करा. जिला सावरायचंय तिच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, हळदीकुंकवाला बोलवायचं नाही, लग्नात मागं बसवायचं. म्हणजे आधार देणारी माणसं नेमकी गरजेच्या वेळी काढून घ्यायची! २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव करून विधवा प्रथा बंद केली. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. हेरवाडनं कुठल्या एका बाईला ‘खंबीर हो’ असं सांगितलं नाही. गावानं स्वतःचं वागणं बदलायचं ठरवलं. भांडं चुलीजवळ सरकवणं म्हणतात ते हेच.

सोसणं म्हणजे उभारी नव्हे

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा शब्द बायकांच्या विरोधातही वापरला जातो, आणि त्याबद्दल सावध राहायला हवं.

नवरा मारतो, आणि बाई पंधरा वर्षं तोंडातून शब्द न काढता संसार करते. लोक म्हणतात, काय सोशीक बाई आहे! तिची चिकाटी मोठी, यात वाद नाही. पण संकट चालूच आहे आणि ते थांबवता येण्यासारखं आहे, तिथं सहन करत राहण्याचं कौतुक करणं म्हणजे मारणाऱ्याची सोय करणं. घरातल्या हिंसेविरुद्ध २००५ चा कायदा आहे. संरक्षण अधिकारी आहेत. तिथं जाणारी बाई कमी सोशीक ठरत नाही. तिची उभारी तिथूनच सुरू होते.

कॅनडातले अभ्यासक मायकेल उंगर यांनी या गोष्टीवर नेमकं बोट ठेवलं आहे. त्यांच्या मते उभारीला दोन बाजू आहेत. एक, आपल्याला लागणाऱ्या आधारापर्यंत पोचायची माणसाची धडपड. दुसरी, तो आधार त्याला रुचेल, पचेल अशा रीतीनं पुरवायची समाजाची तयारी. बाईनं धडपड करून दारापर्यंत यायचं आणि दार बंद असायचं, तर उभारी कमी पडली ती कुणाची?

एका गटातली ताई मला एकदा जे बोलली ते सांगते. तिचा नवरा अपघातात गेला. तिनं एकही हप्ता चुकवला नाही. प्रत्येक बैठकीत तिचं उदाहरण दिलं जायचं. एक दिवस ती म्हणाली, “मॅडम, मला खंबीर म्हणू नका. खंबीर म्हटलं की कुणी विचारतच नाही. आठवड्यातून दोन तास कुणी पोरं सांभाळली तर मला डॉक्टरकडं जाता येईल.” त्या दिवशी गटानं पाळी लावली. सोमवारी एक, गुरुवारी दुसरी. तिला दवाखान्यात जाता आलं, झोपेचा त्रास होता त्यावर औषध सुरू झालं. हप्त्याच्या वहीत यातलं काहीच दिसलं नसतं.

किल्लारीच्या बायका

एकेकीची उभारी अशी घडते, तशी गावाचीही घडते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यातल्या मोठ्यांना आठवत असेल. गणपती विसर्जनाची रात्र संपत आली होती आणि लातूर, उस्मानाबाद भागात भूकंप झाला. किल्लारी आणि आजूबाजूच्या गावांत हजारो माणसं दगडामातीखाली गेली.

पुढं घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण सुरू झालं, तेव्हा ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या कामातून शेकडो गावांत महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून पुढं आल्या. घर कसं बांधायचं, भूकंपात ते तगेल कसं, सरकारची मदत कशी घ्यायची, हे त्या घरोघर सांगू लागल्या, आणि गावाचं म्हणणं अधिकाऱ्यांपर्यंत नेऊ लागल्या. ज्या कालपर्यंत चावडीवर जात नव्हत्या, त्या कामाची तपासणी करू लागल्या. २००१ साली गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा इथल्या बायका तिकडच्या बायकांना धीर द्यायला, अनुभव सांगायला गेल्या. त्यांच्या घरातलं गेलेलं माणूस परत आलं नाही. पण हाताला काम मिळालं, शब्दाला मान मिळाला आणि सोबतीला बायका मिळाल्या. वर्नरबाईंनी कवाईत पाहिलेल्या गोष्टीच या: कुणीतरी जवळचं, आपल्याला येणारं काम, आणि दुसरी संधी.

आपल्या गटात काय करता येईल?

पहिलं, बैठकीत पैशांचा हिशेब झाला की दहा मिनिटं राखून ठेवा. प्रत्येकीनं एवढंच सांगायचं, हा महिना कसा गेला. सल्ला द्यायचा नाही, आपलं दुःख मोठं की तिचं याची तुलना करायची नाही. आणि जे ऐकलं ते बैठकीबाहेर न्यायचं नाही.

दुसरं, जिच्यावर संकट आलंय तिच्यासाठी एक ठरावीक मैत्रीण नेमा. ‘आम्ही सगळ्या आहोत’ म्हटलं की बहुतेक वेळा कुणीच जात नाही. नाव ठरलं की जाणं होतं.

तिसरं, तिचं एक ओझं उतरवा. हप्त्याला मुदत द्यायची असेल तर गटात ठराव करा. रेशनच्या रांगेत उभं राहायचं असेल, शाळेत पालकसभेला जायचं असेल, तेवढं कुणीतरी करा. ‘काही लागलं तर सांग’ असं म्हणू नका, ती सांगत नाही. ‘उद्या दहा वाजता मी येते’ असं म्हणा.

चौथं, ज्या घरात दारू आहे, भांडणं आहेत, त्या घरातल्या मुलांकडे लक्ष असू द्या. त्यांना तुमच्या ओसरीवर अभ्यासाला बसू द्या, नावानं हाक मारा, एखादं छोटं काम विश्वासानं सांगा. कवाईतल्या कुठल्यातरी मुलाला सावरणारी शेजारची काकू अशीच असणार.

पाचवं, मैत्रीण म्हणून आपण पुरे पडत नाही, ती वेळ ओळखा. दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशात जीव रमत नाही, सारखं ‘माझं काय राहिलंय’ असं बोलणं, मरणाचे विचार, असं असेल तर आशाताईंना सांगा, सरकारी दवाखान्यात घेऊन जा. ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर आहे. ती फुकट आहे, रात्री-बेरात्रीही चालू असते आणि मराठीतून बोलता येतं. मरणाचं बोलत असेल तर तिला एकटं सोडू नका. घरात मारहाण असेल तर १८१ हा महिलांसाठीचा नंबर आहे, आणि जिवावरचा प्रसंग असेल तर ११२. हे तीन आकडे गटाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूनं लिहून ठेवा.

शेवटी एक गृहपाठ. पुढच्या बैठकीत आपल्या गटातल्या, ज्यांना तुम्ही ‘खंबीर’ म्हणता अशा बायकांची नावं काढा. प्रत्येक नावासमोर लिहा, या महिन्यात तिच्या घरी कोण जाऊन आलं. ज्या नावासमोरची जागा कोरी राहील, तिच्याकडे आधी जायचं. जाताना चहापत्ती घेऊन जा, आणि निघायची घाई करू नका.

पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू. नमस्कार.